पोर्ट सिक्युरिटी: पोर्टवर मर्यादा किती ठेवावी आणि ती ओलांडली गेल्यावर स्विचने काय करावे?

निळीतार

नमस्कार. आमच्या कार्यालयातील एका मजल्याच्या ४८ पोर्टांच्या सिस्को स्विचवर मी मागील आठवड्यात पोर्ट सिक्युरिटी (एका पोर्टवर किती आणि कोणते मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डांचे हार्डवेअर पत्ते, चालतील यावर मर्यादा घालणारी सोय) लागू केली. प्रत्येक टेबलावर एक आयपी फोन आहे आणि फोनच्या मागील सॉकेटमधून संगणकाला जोडणी दिली आहे, म्हणजे एका पोर्टवर दोन उपकरणे, असा हिशेब करून मी सर्व पोर्टांना पुढील कमांड दिल्या. (कमांड येथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, स्विचवर त्या अर्थातच रोमन लिपीत द्याव्या लागतात.)

स्विचपोर्ट मोड अ‍ॅक्सेस
स्विचपोर्ट पोर्ट-सिक्युरिटी मॅक्सिमम २
स्विचपोर्ट पोर्ट-सिक्युरिटी मॅक-अ‍ॅड्रेस स्टिकी
स्विचपोर्ट पोर्ट-सिक्युरिटी

स्टिकीमुळे स्विच दिसलेला अ‍ॅड्रेस शिकून पोर्टला बांधून ठेवतो. व्हायोलेशनची (मर्यादा मोडल्यावर स्विचने काय करावे याची) पद्धत मी निवडली नाही, त्यामुळे मूळची 'शटडाउन', म्हणजे पोर्ट बंद करणे, हीच लागू आहे. पहिले दोन दिवस सर्व सुरळीत चालले. तिसऱ्या दिवसापासून आजपर्यंत सहा पोर्ट एरर-डिसेबल (स्विचने स्वतः बंद केलेल्या) अवस्थेत गेले आहेत. प्रत्येक वेळी मी पोर्ट हाताने बंद करून पुन्हा सुरू करतो. काही पोर्ट त्यानंतर टिकतात, काही मिनिटभरात पुन्हा पडतात. चौकशी केली असता कोणीही बाहेरचे उपकरण जोडलेले नाही, असेच प्रत्येकाने सांगितले आणि मला त्यांच्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण दिसत नाही.

माझे प्रश्न तीन आहेत. परके उपकरण नसताना पोर्ट का पडतात? स्टिकी ठेवावे की काढावे? आणि शटडाउनऐवजी दुसरी पद्धत निवडली, तर सुरक्षिततेत नेमके काय कमी होते?

रॅकवाला

आपण कमांड दिल्या तो क्रम योग्य आहे, हे आधी सांगतो, कारण या ठिकाणी अनेकजण पहिल्याच दिवशी अडखळतात. मॅक्सिमम, स्टिकी, व्हायोलेशन या सर्व कमांड केवळ तयारीच्या आहेत. पुढे काहीही न जोडलेली 'स्विचपोर्ट पोर्ट-सिक्युरिटी' ही कमांड जोपर्यंत दिली जात नाही तोपर्यंत कॉन्फिगरेशनमध्ये बाकीच्या ओळी दिसत असूनही पोर्टवर कोणतेच संरक्षण नसते. उलट हीच कमांड चालू पोर्टवर सर्वांत आधी दिली, तर मर्यादा मूळची म्हणजे एकच असते आणि फोन व संगणक दोन्ही बोलत असल्यामुळे पुढची कमांड टाइप होण्याआधी पोर्ट पडतो. म्हणून ती शेवटीच द्यावी. तसेच पोर्ट डायनॅमिक (आपला प्रकार आपोआप ठरवणाऱ्या) अवस्थेत असेल तर स्विच ही कमांड नाकारतो. आधी अ‍ॅक्सेस किंवा ट्रंक (अनेक व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवरची वेगळी आभासी नेटवर्के, वाहून नेणारा) यांपैकी एक निश्चित करावे लागते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या हिशेबात एक गोष्ट राहून गेली आहे. स्विच उपकरणे मोजत नाही, मॅक अ‍ॅड्रेसही एकेकटे मोजत नाही; तो 'या व्हीलॅनमध्ये हा अ‍ॅड्रेस' अशी जोडी मोजतो. एकच फोन व्हॉइस व्हीलॅनमध्येही दिसला आणि डेटा व्हीलॅनमध्येही दिसला, तर त्या दोन नोंदी होतात. फोन सुरू होताना त्याला आपला व्हॉइस व्हीलॅन ठाऊक नसतो. काही फोन सीडीपीद्वारे (सिस्को उपकरणांची एकमेकांना माहिती देण्याची पद्धत) तो कळेपर्यंत थांबून राहतात. काही फोन मात्र तोपर्यंत टॅग (व्हीलॅनची खूण) नसलेल्या फ्रेम (नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे) पाठवतात, डेटा व्हीलॅनमधून तात्पुरता आयपी अ‍ॅड्रेस घेतात आणि मग व्हॉइस व्हीलॅनमध्ये जातात. अशा फोनसाठी फोनच्या दोन नोंदी आणि संगणकाची एक, मिळून तीन जागा लागतात. आपण पोर्ट सिक्युरिटी लावली तेव्हा फोन आधीच चालू होते, त्यामुळे ते फक्त व्हॉइस व्हीलॅनमध्ये दिसत होते आणि दोनची मर्यादा पुरली. त्यानंतर ज्या टेबलावरचा फोन काही कारणाने पुन्हा सुरू झाला, तेथे तिसरी नोंद आली आणि पोर्ट पडला, अशी माझी अटकळ आहे.

ही केवळ अटकळ आहे, म्हणून आपण पडलेल्या प्रत्येक पोर्टवर 'शो पोर्ट-सिक्युरिटी इंटरफेस' ही कमांड चालवून 'लास्ट सोर्स अ‍ॅड्रेस' आणि त्यापुढे लिहिलेला व्हीलॅन येथे कळवावा. कोणत्या अ‍ॅड्रेसमुळे व्हायोलेशन झाले, हे तेथे स्पष्ट दिसते. त्याखेरीज 'शो पोर्ट-सिक्युरिटी अ‍ॅड्रेस' ही कमांडही पाहावी. तिच्यात कोणता अ‍ॅड्रेस कोणत्या पोर्टला बांधला गेला आहे, याची पूर्ण यादी मिळते. मात्र ही माहिती पोर्ट पुन्हा सुरू करण्याआधी नोंदवून ठेवा. पोर्ट आधी उठवायचा आणि कारण नंतर शोधायचे, या सवयीमुळे हे प्रश्न महिनोन्महिने रेंगाळताना मी पाहिले आहेत.

शिकाऊ

मध्येच विचारतो त्याबद्दल क्षमस्व. मी नुकताच नेटवर्कचा अभ्यास सुरू केला आहे. पोर्टवर अ‍ॅड्रेसची संख्या मर्यादित ठेवण्याची गरज मुळात का पडते? कोणी जास्त अ‍ॅड्रेस वापरले, तर स्विचचे काय बिघडते?

रात्रपाळी

प्रश्न विषयाला धरूनच आहे. स्विच प्रत्येक आलेल्या फ्रेमचा सोर्स मॅक अ‍ॅड्रेस वाचतो आणि तो कोणत्या पोर्टवरून आला हे आपल्या तक्त्यात लिहून ठेवतो. पुढे त्या अ‍ॅड्रेससाठी फ्रेम आली की ती नेमक्या त्याच पोर्टवर जाते. हा तक्ता मर्यादित असतो. उदाहरणार्थ, सिस्कोच्या कॅटॅलिस्ट २९६० मालिकेत तो सुमारे ८ हजार अ‍ॅड्रेसचा आहे. मॅक अ‍ॅड्रेस ४८ बिटांचा असल्यामुळे शक्य असलेल्या अ‍ॅड्रेसची संख्या मात्र २८१ लाख कोटींहून अधिक आहे. एखाद्याने दर फ्रेमला नवा, खोटा सोर्स अ‍ॅड्रेस लावून फ्रेम सोडायला सुरुवात केली, तर तक्ता फार लवकर भरतो. इयान व्हिटेक यांनी पर्ल भाषेत लिहिलेली आणि पुढे डग साँग यांच्या डीस्निफ या संचात सी भाषेत आलेली मॅकॉफ ही आज्ञावली नेमके हेच करते.

तक्ता भरल्यावर स्विच बंद पडत नाही, आणि धोका नेमका तेथेच आहे. ज्या अ‍ॅड्रेसची नोंद तक्त्यात नाही, त्याच्यासाठी आलेली फ्रेम स्विच त्या व्हीलॅनमधील सर्व पोर्टांवर पाठवतो. म्हणजे इतरांची रहदारी हल्लेखोराच्या पोर्टवरही पोहोचू लागते आणि तेथे ती वाचता येते. सतत बोलणाऱ्या उपकरणांच्या जुन्या नोंदी काही काळ टिकतात, कारण प्रत्येक फ्रेमबरोबर त्यांचे आयुष्य वाढते. पण जे उपकरण ३०० सेकंद गप्प राहिले त्याची नोंद मूळच्या सेटिंगनुसार पुसली जाते आणि ती रिकामी झालेली जागा खोटा अ‍ॅड्रेस लगेच पटकावतो. तक्ता संपूर्ण स्विचचा असल्यामुळे हल्लेखोर एका व्हीलॅनमध्ये असला तरी त्रास सर्व व्हीलॅनना होतो.

पोर्टवर तीनची मर्यादा घातली की चौथा अ‍ॅड्रेस तक्त्यात जातच नाही. पोर्ट सिक्युरिटीचे सर्वांत भक्कम काम हेच आहे. कोणी आपल्या टेबलाखाली छोटा स्विच लावून पाच उपकरणे जोडली, तर तेही यातून लक्षात येते. 'परका संगणक ओळखणे' हा तिचा उपयोग मात्र बराच दुबळा आहे. त्याविषयी पुढे कोणी लिहिले नाही तर मी लिहीन.

निळीतार

आपण सांगितल्याप्रमाणे सहाही पोर्टांची माहिती घेतली. कारण एक नसून तीन निघाली.

तीन पोर्टांवर व्हायोलेशन करणारा अ‍ॅड्रेस फोनचाच आहे आणि त्यापुढे डेटा व्हीलॅनचा क्रमांक आहे. हे तिन्ही फोन मजल्यावरील इतर फोनांपेक्षा वेगळ्या बनावटीचे असून त्या आठवड्यात त्यांच्यावर नवे फर्मवेअर चढवले होते, म्हणजे ते पुन्हा सुरू झाले होते. रॅकवाला यांची अटकळ अचूक ठरली.

चौथ्या पोर्टवरील अ‍ॅड्रेस ०८००.२७ ने सुरू होतो. शोध घेतल्यावर हा व्हर्च्युअलबॉक्सचा उपसर्ग असल्याचे कळले. तेथील सहकारी चाचणीसाठी व्हर्च्युअल मशीन (संगणकात चालणारा आभासी संगणक) चालवतात आणि तिचे नेटवर्क ब्रिज पद्धतीने जोडलेले आहे, म्हणजे तिचा वेगळा अ‍ॅड्रेस स्विचला दिसतो. त्यांनी 'बाहेरचे उपकरण नाही' असे सांगितले, ते त्यांच्या दृष्टीने खरेच होते.

उरलेले दोन पोर्ट मला चक्रावून टाकतात. पोर्ट १४ आणि पोर्ट १९ येथील दोन सहकाऱ्यांनी जागा बदलल्या आणि आपापले संगणक सोबत नेले. आता १४ वर पूर्वी १९ वर असलेला संगणक दिसतो आणि १९ वर पूर्वी १४ वर असलेला. मी दोन्ही पोर्टांची मर्यादा चारपर्यंत वाढवली. तरीही पोर्ट उठताच पुन्हा पडले. जागा रिकामी असताना व्हायोलेशन का व्हावे?

रॅकवाला

कारण व्हायोलेशन होण्याचे प्रसंग दोन आहेत आणि बहुतेकांना त्यांपैकी पहिलाच माहीत असतो. पहिला प्रसंग म्हणजे मर्यादा भरलेली असताना नवा अ‍ॅड्रेस दिसणे. दुसरा म्हणजे एका सुरक्षित पोर्टवर शिकलेला किंवा बांधलेला अ‍ॅड्रेस त्याच व्हीलॅनमधील दुसऱ्या सुरक्षित पोर्टवर दिसणे. आपल्या बाबतीत पोर्ट १४ ला चिकटलेला अ‍ॅड्रेस १९ वर दिसला आणि १९ चा १४ वर. येथे मर्यादा शंभर केली असती तरी निकाल तोच लागला असता.

स्टिकी नसते, तर तार काढताक्षणी नोंद गेली असती का? फोन मध्ये नसेल, तर हो. डायनॅमिक पद्धतीने शिकलेला सुरक्षित अ‍ॅड्रेस पोर्टची लिंक खाली गेली की पुसला जातो. परंतु आपल्याकडे संगणक फोनच्या मागे आहे. संगणकाची तार काढली तरी स्विच आणि फोन यांच्यातील लिंक तशीच चालू राहते, त्यामुळे स्विचला काही बदलल्याचे कळतच नाही आणि जुनी नोंद तिथेच बसून राहते. काही फोन आपल्या मागचा संगणक निघाल्याची बातमी सीडीपीमधून स्विचला देतात, मात्र सर्व बनावटीचे फोन तसे करत नाहीत आणि त्यावर विसंबून योजना आखू नये.

यावर उपाय एजिंगचा (ठरावीक वेळाने नोंद पुसण्याचा) आहे. 'स्विचपोर्ट पोर्ट-सिक्युरिटी एजिंग टाइम २' आणि 'स्विचपोर्ट पोर्ट-सिक्युरिटी एजिंग टाइप इनअ‍ॅक्टिव्हिटी' या दोन कमांडमुळे दोन मिनिटे गप्प राहिलेला अ‍ॅड्रेस यादीतून निघतो. टाइप आवर्जून लिहावा लागतो, कारण मूळचा प्रकार 'अ‍ॅब्सोल्यूट' असतो, ज्यात उपकरण बोलत असो वा नसो, ठरलेला वेळ झाला की नोंद जाते. टाइम मिनिटांत असतो, १४४० पर्यंत देता येतो, आणि मूळचे मूल्य शून्य म्हणजे एजिंग बंद असे आहे.

आणि आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: अशा टेबलांवर स्टिकी काढा. कॅटॅलिस्ट मालिकेतील या वर्गाच्या स्विचांवर स्टिकी अ‍ॅड्रेसना एजिंग लागू होत नाही. म्हणजे एजिंगच्या कमांड दिल्या, कॉन्फिगरेशनमध्ये त्या दिसू लागल्या, तरी स्टिकी नोंदी हलणार नाहीत आणि आपण पुन्हा याच प्रश्नावर येऊ.

रात्रपाळी

स्टिकी सरसकट वाईट आहे असा समज होऊ नये म्हणून थोडी भर घालते. जे उपकरण जागेवरून हलत नाही, उदाहरणार्थ प्रिंटर, कॅमेरा, हजेरीचे यंत्र किंवा दरवाजाचे कुलूप नियंत्रित करणारे उपकरण, तेथे स्टिकी अतिशय सोयीचे आहे. हाताने अ‍ॅड्रेस टाइप करताना होणारी चूक टळते आणि पहिल्यांदा दिसलेले उपकरण पोर्टला बांधले जाते. मात्र हे शिकलेले अ‍ॅड्रेस चालू कॉन्फिगरेशनमध्ये येतात, साठवलेल्या कॉन्फिगरेशनमध्ये नाही. 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' केले नाही आणि स्विच रीस्टार्ट झाला, तर सर्व पोर्ट नव्याने शिकू लागतात आणि त्या वेळी जे कोणी आधी बोलेल तेच खरे धरले जाते. मी एका ठिकाणी हे प्रत्यक्ष अनुभवले आहे: वीज गेली, परत आली, आणि कॅमेऱ्याच्या पोर्टवर दुरुस्तीसाठी आलेल्या तंत्रज्ञाचा लॅपटॉप कायमचा रहिवासी म्हणून नोंदला गेला. नंतर खरा कॅमेरा जोडला, तर स्विचच्या दृष्टीने तोच परका ठरला.

प्रिंटरच्या पोर्टवर इनअ‍ॅक्टिव्हिटी एजिंग लावताना एक गोष्ट तपासावी. प्रिंटर दीर्घकाळ झोपतो, त्याची नोंद जाते, आणि त्यानंतर त्याच्यासाठी आलेली फ्रेम स्विच व्हीलॅनमधील सर्व पोर्टांवर पाठवतो. ती प्रिंटरपर्यंत पोहोचते, तो उत्तर देतो आणि नोंद परत येते. पण त्याच पोर्टवर 'स्विचपोर्ट ब्लॉक युनिकास्ट' ही कमांडही दिलेली असेल, तर अनोळखी अ‍ॅड्रेससाठीची फ्रेम तेथे पोहोचतच नाही, आणि सकाळी पहिला कागद छापायला आलेल्या माणसाला प्रिंटर बंद असल्याचा भास होतो. दोन्ही कमांड स्वतंत्रपणे योग्य आहेत, एकत्र आल्या की घोटाळा होतो.

शिकाऊ

दोघांचेही आभार. प्रोटेक्ट, रेस्ट्रिक्ट आणि शटडाउन यांतील फरक पुस्तकात वाचला आहे, पण प्रत्यक्ष कामात कोणते निवडतात? मला रेस्ट्रिक्ट सर्वांत समतोल वाटले.

रात्रपाळी

टेबलांच्या पोर्टांसाठी माझेही मत रेस्ट्रिक्टच्या बाजूने आहे. या पद्धतीत मर्यादेबाहेरच्या अ‍ॅड्रेसच्या फ्रेम टाकून दिल्या जातात, आधीचे ओळखीचे उपकरण चालू राहते, व्हायोलेशनचा आकडा वाढतो आणि लॉगमध्ये संदेश येतो. निळीतार यांच्या चौथ्या पोर्टचे उदाहरण घ्या. रेस्ट्रिक्ट असते, तर फक्त व्हर्च्युअल मशीनचे नेटवर्क चालले नसते. त्या सहकाऱ्याचा फोन आणि संगणक दिवसभर बंद राहिला नसता. चूक जेवढी तेवढाच अटकाव, हे मला न्याय्य वाटते.

प्रोटेक्ट मात्र मी कोठेही वापरत नाही. फ्रेम टाकल्या जातात, पण आकडा वाढत नाही आणि लॉगमध्ये काहीच येत नाही. वापरकर्ता 'नेटवर्क चालत नाही' म्हणून तक्रार करतो, स्विचवर सर्व काही हिरवे दिसते आणि शोधणाऱ्याच्या हाती धागादोरा लागत नाही.

रॅकवाला

प्रोटेक्टविषयी पूर्ण सहमत. रेस्ट्रिक्टविषयी मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. रेस्ट्रिक्टमध्ये येणारे संदेश कोणी वाचत असेल, तरच त्याला अर्थ आहे. जेथे लॉग एका मध्यवर्ती सर्व्हरवर जमा होतात आणि कोणीतरी ते रोज पाहते, तेथे ते उत्तम. जेथे लॉग स्विचच्या छोट्या बफरमध्येच फिरत राहतात आणि जुने संदेश नव्यांखाली पुसले जातात, तेथे रेस्ट्रिक्ट आणि प्रोटेक्ट यांत व्यवहारात फारसे अंतर उरत नाही. शिवाय हल्लेखोराला पोर्ट चालूच मिळतो. तो शांतपणे दुसरा मार्ग शोधू शकतो.

म्हणून मी ठिकाण पाहून ठरवतो. स्वागतकक्ष, बैठकीच्या खोल्या, जिन्याजवळचे सॉकेट, जेथे अनोळखी माणूस एकटा बसू शकतो, तेथे शटडाउन. पोर्ट पडला तर तेथे कोणाचे रोजचे काम अडत नाही. कर्मचाऱ्यांच्या टेबलांवर रेस्ट्रिक्ट, पण लॉगची सोय आधी करून मग.

शटडाउन वापरताना प्रत्येक वेळी हाताने पोर्ट उठवावा लागू नये, यासाठी 'एररडिसेबल रिकव्हरी कॉज पीसिक्युअर-व्हायोलेशन' ही कमांड स्विचच्या मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये द्यावी. मूळच्या सेटिंगनुसार ३०० सेकंदांनी पोर्ट आपोआप परत येतो. कारण दूर झाले नसेल, तर पुन्हा पडतो. ही उघडझाप काहींना खटकते, मला मात्र ती उपयोगाची वाटते, कारण लॉगमध्ये दर पाच मिनिटांनी तोच अ‍ॅड्रेस दिसतो आणि उपकरण अजून तेथेच आहे हे कळते.

चौथा एक पर्याय अनेक मॉडेलवर आहे, तो म्हणजे 'शटडाउन व्हीलॅन'. यात पूर्ण पोर्ट न पडता ज्या व्हीलॅनमध्ये व्हायोलेशन झाले तेवढाच त्या पोर्टवर बंद होतो. संगणकाच्या बाजूला गडबड झाली तरी फोन चालू राहतो. ज्या ठिकाणी आणीबाणीत फोन लागणे महत्त्वाचे आहे, तेथे या पर्यायाचा अवश्य विचार करावा.

रात्रपाळी

लॉग कोणी वाचत नसेल तर रेस्ट्रिक्टचा उपयोग नाही, हे मान्य. ही अट मी गृहीत धरली होती, ती लिहायला हवी होती.

पडताळणी

सुरक्षेच्या तपासणीचे काम करत असल्यामुळे दोन गोष्टी लिहितो, कारण पोर्ट सिक्युरिटी लावली म्हणजे परका माणूस आत येऊ शकत नाही, असा समज मला फार ठिकाणी आढळतो.

पहिली गोष्ट. मॅक अ‍ॅड्रेस ही ओळख नव्हे. तो फ्रेमवर लिहिलेला एक मजकूर आहे आणि लिनक्सवर एका कमांडने बदलता येतो. फोनच्या किंवा प्रिंटरच्या मागील पट्टीवर तो छापलेलाही असतो. प्रिंटरची तार काढून आपल्या लॅपटॉपला जोडली आणि प्रिंटरचा अ‍ॅड्रेस लावला, की स्टिकी असो वा हाताने बांधलेला अ‍ॅड्रेस असो, स्विचला फरक कळत नाही. उपकरणाने आपली ओळख पटवूनच आत यावे अशी अपेक्षा असेल, तर ८०२.१एक्स हे मानक त्यासाठी आहे. आयईईईने ते प्रथम २००१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात उपकरण प्रमाणपत्र किंवा पासवर्ड देते आणि रेडियस सर्व्हर (ओळख तपासणारा मध्यवर्ती सर्व्हर) निर्णय देतो.

दुसरी गोष्ट डीएचसीपीविषयी, म्हणजे उपकरणांना आपोआप आयपी अ‍ॅड्रेस वाटणाऱ्या सोयीविषयी, आहे. पोर्ट सिक्युरिटीमुळे डीएचसीपीचे सर्व अ‍ॅड्रेस संपवण्याचा हल्ला थांबतो, असे अनेक टिपणांत लिहिलेले असते. हे अर्धेच खरे आहे. हल्लेखोर दर मागणीला फ्रेमचा सोर्स अ‍ॅड्रेस बदलत असेल, तर पोर्ट सिक्युरिटी त्याला अडवते. परंतु डीएचसीपीच्या मागणीच्या आतमध्ये ग्राहकाचा हार्डवेअर अ‍ॅड्रेस स्वतंत्रपणे लिहिलेला असतो आणि सर्व्हर तोच पाहून आयपी अ‍ॅड्रेस देतो. हल्लेखोराने फ्रेमचा अ‍ॅड्रेस स्थिर ठेवून केवळ आतला अ‍ॅड्रेस बदलत नेला, तर पोर्ट सिक्युरिटीच्या दृष्टीने पोर्टवर एकच सभ्य उपकरण बोलत असते आणि तिकडे सर्व्हरचा साठा रिकामा होत असतो. हे डीएचसीपी स्नूपिंग पकडते, कारण ते अविश्वासू पोर्टवर बाहेरचा आणि आतला अ‍ॅड्रेस जुळतो का हे तपासते. सिस्को स्विचवर स्नूपिंग सुरू केले की ही तपासणी मुळातच चालू असते. सोबत पोर्टवर दर सेकंदाला येणाऱ्या डीएचसीपी मागण्यांवर मर्यादाही घालावी.

निळीतार

पडताळणी यांनी लिहिलेला डीएचसीपीचा भाग मला पूर्णपणे नवा आहे. स्नूपिंग आमच्याकडे लावलेले नाही. ते पुढील कामांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर घेतले आहे.

आता इतर मजल्यांवर जाण्याआधी एक विचारतो. कोणत्या पोर्टांना पोर्ट सिक्युरिटी लावूच नये? आणि आमच्याकडे काही टेबलांवर लॅपटॉपचे डॉक आहेत. त्यांत अडचण येईल का?

रॅकवाला

दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या अपलिंकला लावू नये; तेथे पलीकडचे सर्वच अ‍ॅड्रेस दिसणार. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सर्व्हरच्या ट्रंकलाही नको, कारण मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवली, की तोच अ‍ॅड्रेस दुसऱ्या पोर्टवर दिसतो आणि मघाशी सांगितलेला व्हायोलेशनचा दुसरा प्रसंग घडतो. राउटरच्या जोड्या एचएसआरपी किंवा व्हीआरआरपी (एक पडला तर दुसऱ्याने काम उचलण्याच्या पद्धती) वापरत असतील, तर त्यांचा सामायिक अ‍ॅड्रेसही असाच जागा बदलतो.

वाय-फायच्या अ‍ॅक्सेस पॉइंटचे उत्तर त्याच्या जोडणीवर अवलंबून आहे. सर्व रहदारी बोगद्यातून कंट्रोलरकडे जात असेल, तर स्विचला फक्त अ‍ॅक्सेस पॉइंटचा स्वतःचा अ‍ॅड्रेस दिसतो आणि छोटी मर्यादा चालते. रहदारी तेथेच स्थानिक व्हीलॅनमध्ये उतरत असेल, तर प्रत्येक मोबाइलचा अ‍ॅड्रेस त्या पोर्टवर येतो. त्यातही २०१९ मधील अँड्रॉइड १० आणि २०२० मधील आयओएस १४ पासून मोबाइल आपला खरा अ‍ॅड्रेस न दाखवता प्रत्येक नेटवर्कसाठी यादृच्छिक अ‍ॅड्रेस वापरतात. माणूस चालत एका अ‍ॅक्सेस पॉइंटकडून दुसऱ्याकडे गेला, की अ‍ॅड्रेसही पोर्ट बदलतो. तेथे पोर्ट सिक्युरिटी लावणे म्हणजे तक्रारींना निमंत्रण आहे. असा स्थानिक पातळीवर ठरवलेला अ‍ॅड्रेस ओळखायची खूण सोपी आहे: त्याचा दुसरा हेक्स अंक २, ६, ए किंवा ई असतो. लॉग वाचताना ही खूण फार उपयोगी पडते.

डॉकच्या आत स्वतःचे नेटवर्क कार्ड असते, त्यामुळे साधारणपणे कोणताही लॅपटॉप लावला तरी पोर्टवर डॉकचाच अ‍ॅड्रेस दिसतो. काही लॅपटॉपमध्ये मात्र स्वतःचा अ‍ॅड्रेस डॉकवर लावण्याची सोय बायोसमध्ये असते. ती चालू असेल, तर प्रत्येक लॅपटॉपबरोबर अ‍ॅड्रेस बदलेल. आपण आधी एका डॉकवर दोन वेगळे लॅपटॉप लावून काय दिसते ते पाहावे, मग ठरवावे.

पडताळणी

जेथे वेगवेगळ्या बनावटीचे स्विच आहेत त्यांच्यासाठी एक सूचना. शब्द सारखे असले तरी मूळची सेटिंग सारखी नसते. ह्युआवेच्या स्विचवरही प्रोटेक्ट, रेस्ट्रिक्ट आणि शटडाउन हेच तीन पर्याय आहेत, पण मूळचा पर्याय रेस्ट्रिक्ट आहे, शटडाउन नाही. ज्युनिपरमध्ये तर कल्पनेचे नावच वेगळे आहे. तेथे इंटरफेसवर 'मॅक लिमिट' घालतात आणि ती ओलांडल्यावर फ्रेम टाकायची, फक्त नोंद करायची, दोन्ही करायचे की पोर्ट बंद करायचा, हे स्वतंत्रपणे लिहितात. एका बनावटीचे टिपण पाहून दुसऱ्यावर काम करताना व्हायोलेशनची पद्धत गृहीत न धरता नेहमी स्पष्ट लिहावी.

निळीतार

पाच दिवसांनी परत लिहीत आहे. टेबलांच्या सर्व पोर्टांवर आता पुढील कॉन्फिगरेशन आहे: मॅक्सिमम ३, व्हायोलेशन रेस्ट्रिक्ट, एजिंग टाइम २, एजिंग टाइप इनअ‍ॅक्टिव्हिटी, आणि स्टिकी नाही. बैठकीच्या दोन खोल्यांत मॅक्सिमम १, शटडाउन आणि ३०० सेकंदांची आपोआप रिकव्हरी. लॉग मध्यवर्ती सर्व्हरवर जातात आणि रोज सकाळी मी ते वाचतो. व्हर्च्युअल मशीनच्या सहकाऱ्यांशी बोलून त्यांच्या पोर्टवर मर्यादा ४ केली आहे. या पाच दिवसांत टेबलांवरील एकही पोर्ट पडला नाही. रेस्ट्रिक्टचे संदेश दोन ठिकाणांहून आले आणि दोन्हीकडे फोनच्या मागे छोटा स्विच जोडलेला सापडला.

पोर्ट १४ आणि १९ मात्र सहज सुटले नाहीत. मी दोन्हीकडे पोर्ट सिक्युरिटी बंद केली, नवे कॉन्फिगरेशन दिले आणि पुन्हा सुरू केली, तरी पहिल्याच मिनिटाला तेच व्हायोलेशन झाले. शेवटी चालू कॉन्फिगरेशन ओळ न ओळ वाचले तेव्हा जुने स्टिकी अ‍ॅड्रेस तेथेच होते.

रॅकवाला

होय, 'नो स्विचपोर्ट पोर्ट-सिक्युरिटी' या कमांडने संरक्षण थांबते, पण शिकलेले स्टिकी अ‍ॅड्रेस चालू कॉन्फिगरेशनमध्ये राहतात आणि पुन्हा सुरू करताच अमलात येतात. 'क्लिअर पोर्ट-सिक्युरिटी स्टिकी इंटरफेस' आणि त्यापुढे पोर्टचा क्रमांक, असे देऊन ते पुसावेत. जागांची अदलाबदल झालेली असेल तर दोन्ही पोर्ट आधी पुसावेत आणि मगच उठवावेत, कारण एकच पुसून उठवला तर दुसऱ्यावरची जुनी नोंद त्याला लगेच पाडते. त्यानंतर कॉन्फिगरेशन साठवायला विसरू नये. नाहीतर पुढच्या रीस्टार्टला साठवलेल्या फाइलमधून जुने अ‍ॅड्रेस परत येतील.

निळीतार

त्याच क्रमाने केले. दोन्ही पोर्ट सकाळपासून चालू आहेत, 'शो पोर्ट-सिक्युरिटी अ‍ॅड्रेस'मध्ये दोन्ही संगणक आपापल्या नव्या जागी दिसतात, आणि कॉन्फिगरेशन साठवले आहे. पुढचा मजला सोमवारी घेईन. तेथील फोन कोणत्या बनावटीचे आहेत, याची यादी आजच करून ठेवतो.